वरून उघडलेला खोका

खोका हातात घेतल्याबरोबर हेनीला कळलं की हा आपण भरलेला नाही. डोळ्यांना काही दिसलं नव्हतं, कळलं ते बोटांना. एकोणीस वर्षं सिनेगॉगच्या तळघरात बसून तिनं रिकामे खोके वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरले होते. कुठल्या खोक्यात किती कागद घातला म्हणजे तो पोटात जात नाही, हे तिच्या हातांना पाठ होतं. हा खोका गच्च होता, कोपऱ्याकोपऱ्यात दाबून, कुणीतरी मन लावून भरलेला. चौदा नंबरच्या टोपलीतला काशाचा खोका, भाजलेल्या कुट्टूच्या दाण्यांचा. तीन आठवड्यांपूर्वी डालियाच्या समारंभाहून टोपल्या परत आल्या तेव्हा नेमका हाच खोका चौदा नंबरमधून गायब होता. तेव्हा तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. पोरासोरांचा समारंभ, नाच, धिंगाणा, कुणी चेंडूसारखा उडवला असेल, असं म्हणून तिनं त्या जागी बिस्किटांचा खोका सरकवून दिला होता. काल योनाच्या समारंभाहून टोपल्या आल्या. बिस्किटांचा खोका होताच आणि त्याच्या शेजारी, अंग चोरून, हा परत येऊन बसला होता.

टोपल्यांची ही तऱ्हा क्लीव्हलंडच्या त्या ज्यू वस्तीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. मूल तेरा वर्षांचं झालं, त्यानं सिनेगॉगात चारचौघांसमोर उभं राहून तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची पोथी, वाचली की मग जेवण. जेवणाला पंधरा-वीस टेबलं आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध काहीतरी हवंच. पूर्वी फुलं असायची, रविवारपर्यंत माना टाकायची. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की फुलांचे पैसे गरिबांच्या भांडाराला जाऊ देत आणि टेबलावर आपण टोपली ठेवू. शेवया, सूपचे डबे, टूना मासा, काशा, चहा, आणि कडीला रिबिनीचं फूल. खरं अन्न भांडारातून परस्पर घरोघर जाई. टोपल्या मात्र त्याच त्या, या समारंभाहून त्या समारंभाला फिरत. खऱ्याखुऱ्या भरल्या असत्या तर वाहणाऱ्यांच्या कमरा गेल्या असत्या. म्हणून डबे रिकामे आणि खोक्यांत कागद. हेनी प्रत्येक डबा, प्रत्येक खोका खालून उघडायची, आतलं काढून घ्यायची आणि बूड पुन्हा असं चिकटवायची की बघणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. फोडलेलं अन्न भांडार घेत नसे, तसा नियमच होता. तेव्हा आतला माल तिच्या घरी जायचा आणि तो संपवायचं काम आयर्विनचं, तिच्या नवऱ्याचं. ‘लोक गरिबांसाठी पैसे देतात,’ तो म्हणायचा, ‘मी गरिबांसाठी जेवतो.’ चार वर्षांपूर्वी आयर्विन गेला आणि तेव्हापासून तिच्या कपाटात काशाच्या न् शेवयांच्या पिशव्या साठत चालल्या होत्या. एकटीचं पोट ते केवढं.

तिनं खोका उलटा केला. बूड जसंच्या तसं होतं, तिच्याच डिंकाचं, तिच्याच हातचं. मग वरची बाजू बघितली. वरची झडप फाडलेली होती आणि मग जोडलेली. आतून तपकिरी कागदाची पट्टी लावून, कणकेच्या खळीनं, इतकी बेतशीर की दोन कडांमध्ये केसभर फट नव्हती. वरून कोण उघडतं? ज्याला आत काही आहे असं वाटतं तो वरून उघडतो. घरी नेऊन, ओट्यावर ठेवून, कदाचित पाणी उकळत ठेवून. तिनं नखानं तो जोड हळूच सोडवला आणि आतला बोळा ओढून बाहेर काढला. वर्तमानपत्रच होतं, पण तिच्या घरी येणारं नव्हतं. अक्षरं रशियन होती.

तेवढ्यात पर्ल ऑस्ट्रो जिना उतरून आली. पर्ल महिला मंडळाची अध्यक्ष, मनानं वाईट नाही, पण एखादी गोष्ट तिच्या हाती लागली की तिचा ठराव झाल्याशिवाय राहत नसे. हेनीनं मागे हरवला म्हणून सांगितलेला खोका सापडला हे तिनं दारातूनच बघितलं, फाटलेलं तोंडही बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. चोरी ती चोरी, मग आत कागद का असेना, असं तिचं म्हणणं पडलं. चौदा नंबरवर कोण कोण बसलं होतं त्याची यादी दोन्ही घरांतून मागवता येईल, मंडळाच्या सभेत विषय काढता येईल, आणि यापुढे प्रत्येक टोपलीवर ‘आत काही नाही’ अशी चिठ्ठी लावली म्हणजे पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही. हेनीनं रशियन कागद मांडीवरच्या फडक्याखाली सरकवला. आपण इतक्या सहज खोटं बोलू असं तिला वाटलं नव्हतं.

“मीच फाडलाय तो,” ती म्हणाली. “बूड ओलं झालं होतं म्हणून वरून भरला. मागे हरवला म्हटलं ना, तो माझ्याच घरी राहिला होता.”

पर्लनं तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. वय झालं आता तुझं, असं काहीसं ती पुटपुटली आणि रिबिनी मोजायला लागली. हेनीला राग आला नाही. चारचौघांत एखाद्याची मान खाली घालायला लावणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, हे सिनेगॉगचे धर्मगुरू, रब्बाय, दर वर्षी एकदा तरी सांगायचे आणि सगळ्या बायका माना डोलवायच्या, पर्लसुद्धा. वय झालं तर झालं, तेवढ्यानं निभावत असेल तर बरंच.

चौदा नंबरचं टेबल म्हणजे शिक्षकांचं, हे यादी न मागवताही हेनीला ठाऊक होतं. नातेवाईक पुढं, आईबापांचे मित्र मधे आणि पार शेवटी, स्वयंपाकघराच्या दाराशी, पोराला हिब्रू शिकवणारा, पोहायला शिकवणारी, दातांना तारा बसवणारा डॉक्टर. आणि पियानो शिकवणाऱ्या फाइना. सगळ्या मंडळीत रशियन वाचणारं माणूस त्या एकच. तळघरातून बाहेर पडून टेलर रोडनं घरी येताना तळ्यावरचं वारं अंगाला झोंबत होतं आणि हेनीला राहून राहून तो सोफा आठवत होता. फाइना आणि त्यांचा नवरा ताश्कंदहून आले तेव्हा सिनेगॉगनं त्यांचं बस्तान बसवून दिलं होतं. हेनीच्या घरातला सोफा आयर्विननं पाठीवर घालून चार मजले चढवला. फाइना तेव्हा चाळिशीच्या, पाठ ताठ, इंग्रजी तोडकं. त्यांनी दोघांना चहा पाजला, पेल्यात मुरांब्याचा चमचा घालून. दोन वर्षांनी एका सकाळी तो सोफा हेनीच्या दारात हजर. स्वच्छ धुतलेला, वर नवं कापड शिवून घातलेलं. ‘आता आम्ही आमचा घेतला आहे, हा दुसऱ्या कुणाला द्या.’ आयर्विन किती हसला होता. हेनीला मात्र त्या वेळी थोडं लागलं होतं. दिलेली वस्तू कुणी अशी परत करतं का, म्हणून. आता कळत होतं की ती बाई घेतलेलं परत करते, मग तो सोफा असो की कागदानं भरलेला खोका असो. तिनं तो फाडला, आत बघितलं, काय वाटलं असेल ते वाटून घेतलं, मग कणीक कालवली, पट्टी कापली, आपल्याकडचा कागद घालून तो पहिल्यापेक्षा नीट भरला आणि पुढच्या समारंभाला पिशवीत घालून नेला.

फाइनांचे शिकवणीचे विद्यार्थी कमी झालेत हे हेनी ऐकून होती. पोरं आता पडद्यासमोर बसून पियानो शिकतात म्हणे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. जेवणानंतर त्या दोन पाव रुमालात बांधून घेत, पण ते काय, सगळ्याच आज्या घेतात. हेनीनं ते पाहिलं होतं आणि पाहूनही तिच्या मनात काही आलं नव्हतं. एकोणीस वर्षं भुकेल्यांसाठी राबणारी बाई मी, तिला वाटलं, आणि भूक चौदा नंबरवर बसून माझ्याकडे बघून हसत होती तरी मला दिसली नाही. तरीही मनाचा एक कोपरा कुरकुरत होता. मागायचं होतं की बाई. भांडार आहे, दर मंगळवारी उघडतं, कुणी नाव विचारत नाही. टेबलावरचं उचलायचं म्हणजे. असं म्हणता म्हणता तिनं कोटाच्या खिशात हात घातला आणि टोपलीचं कार्ड हाताला लागलं. रिबीन बदलताना काढलेलं, विसरून खिशात राहिलेलं. खाली पोराचं नाव दर वेळी नवं छापायचे, पण वरची ओळ तीच होती, एकोणीस वर्षांपूर्वी हेनीनं स्वतः सुचवलेली. सगळ्यांना फार आवडली होती तेव्हा. ‘हे अन्न, ज्याला गरज आहे त्याच्यासाठी.’

ती रस्त्यातच थांबली. फाइनांनी चोरलं नव्हतं. त्यांनी कार्ड वाचलं होतं. गावातल्या जुन्या घरांना टोपल्यांची गंमत माहीत होती, कुणी बोलूनसुद्धा दाखवत नसे. त्यांना कुणी कधी सांगितलंच नसावं. लिहिलं होतं, ज्याला गरज आहे त्याच्यासाठी, आणि त्यांना गरज होती. न मागता, कुणाला तोंड न दाखवता घेता येईल असं दान समोर ठेवलेलं त्यांना दिसलं. टोपलीभर वस्तूंतून त्यांनी एकच घेतली, सगळ्यांत स्वस्त. आणि मी त्यांना कागद खायला दिला. हे वाक्य हेनीच्या मनात इतक्या स्वच्छपणे उमटलं की तिला वाटलं आपण ते मोठ्यानं बोललो. बाजूनं कुत्रं घेऊन चाललेल्या माणसानं वळूनही पाहिलं नाही, म्हणजे बोलली नसावी.

घरी येऊन तिनं चहा केला आणि तो निवू दिला. कपाटाचं दार उघडं होतं आणि पिशव्यांकडे बघता बघता तिला आईचं फडताळ दिसायला लागलं, ते दिसू नये म्हणून इतकी वर्षं तिनं बराच खटाटोप केला होता. ती नऊ वर्षांची होती. बाप कपडे बेतायच्या कारखान्यात कात्री चालवायचा. त्याची छाती बिघडली आणि अकरा महिने तो घरी होता. पिट्सबर्गची मावशी महिन्यातून एकदा यायची, बापाशी लग्न करू नकोस म्हणून आईला पूर्वी बजावून सांगणारी ती. मावशी आली की चहा व्हायच्या आत तिची नजर फडताळावर फिरायची. आणि फडताळ भरलेलं असायचं. सूपचे डबे, टोमॅटोचे डबे, मटारचे डबे, चित्रं पुढं करून ओळीनं मांडलेले. आई प्रत्येक डबा खालून उघडायची, धुवायची, पुसायची आणि पुन्हा उभा करून ठेवायची. ‘वरचं तोंड शाबूत हवं, हेनी. कुणी हात लावलाच तर वरूनच लावतं.’ झाकली मूठ सव्वा लाखाची. मावशी समाधानानं परत जायची, आणि म्हणूनच मावशीनं कधी काही दिलं नाही. भरलेलं घर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा हेनीनं भूक लागली म्हणून वरच्या फळीवरचा मटारचा डबा काढला होता. त्याचा हलकेपणा अजून तिच्या तळहातात होता. आई ओरडली नाही. तिनं डबा हातातून घेतला, चित्र पुढं करून परत ठेवला आणि पाठ फिरवून बराच वेळ ओटा पुसत राहिली. आणि आपण तेच करत आलो, हेनीला वाटलं. तीच विद्या. आईनं ती गरिबी लपवायला वापरली आणि मी ती शोभेला लावली. मंडळात विचारायचे, हे खालून उघडण्याचं कुठं शिकलीस, आणि ती सांगायची, असंच, सुचलं.

पुढचा समारंभ पंधरा दिवसांनी होता, नोआ नावाच्या मुलीचा, आणि तीही पियानो शिकत होती. हेनीनं चौदा नंबरची टोपली घरी नेली आणि खरी भरली. काशाचे दोन खोके, टूना, सूप, चहा, सगळं बंद, दुकानातून आणलेलं. आपण फार हुशारीनं वागतो आहोत असं तिला वाटत होतं. कुणाला कळायचं नाही, कुणाची मान खाली जायची नाही, आणि यावेळी कार्डावरची ओळ खरी असेल. टोपल्या गाडीत चढवणारा माणूस चौदा नंबरला हात घालून कण्हला आणि यात दगड भरलेत का म्हणाला. हो, असं तिनं सांगून टाकलं. दोन दिवस ती हलकी होऊन वावरत होती. आयर्विनच्या फोटोला तिनं चक्क गुड मॉर्निंग केलं.

सोमवारी टोपली परत आली. उचलताना तिच्या मनगटाला कळ लागली, आणि पुढचं सगळं तेव्हाच समजलं. काही म्हणजे काही हललं नव्हतं. फक्त काशाचे दोन्ही खोके कुणीतरी फिरवून ठेवले होते, चित्र टोपलीच्या आत आणि पाठ माणसांकडे. हेनी खुर्चीवर बसली. आपल्या मूर्खपणाचं तिला हसू येईना आणि रडूही येईना. एकदा ज्याच्या हाती कागद आला तो दुसऱ्यांदा हात कशाला घालेल? त्या बाईनं संपूर्ण जेवणभर त्या टोपलीसमोर बसून काढलं असेल, खरं अन्न हाताच्या अंतरावर आणि मनात ते नव्यानं कागद होत असलेलं. आपण पुन्हा एकदा मावशीला फडताळ दाखवलं, फक्त यावेळी डबे भरलेले होते, आणि त्यानं काडीचा फरक पडला नाही. न दिसता द्यायचं, न दिसता घ्यायचं, हे ऐकायला फार चांगलं. पण न दिसता फसवल्यावर निस्तरायला मात्र तोंड घेऊन जावं लागतं, हे तिला तिथे त्या खुर्चीवर पटलं, आणि तिला धडकी भरली.

गुरुवारी दुपारी ती दोन पिशव्या घेऊन फाइनांकडे गेली. चार मजल्यांना आता लिफ्ट झाली होती. वर जाताना तिनं तीन वेगवेगळी वाक्यं जुळवली आणि दार उघडल्यावर तिन्ही विसरली. फाइना वाळल्या होत्या, पण पाठ तशीच होती. खोलीत पियानो, एक कोच, खिडकीत रशियन वर्तमानपत्रांची नीट घडी घातलेली चळत. हेनीनं तिकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं, आणि फाइनांनी ते पाहिलं. त्यांनी चहा केला. पेल्यात मुरांबा नव्हता. बराच वेळ हवेविषयी आणि नोआच्या डाव्या हाताविषयी बोलणं झालं. मग हेनीनं पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि एका दमात सांगून टाकलं की टोपल्यांचे खोके जुने झालेत, चित्रं उडाली आहेत, हनुक्काच्या सणाआधी सगळे नवे करायचेत. आतलं सामान पूर्वी आयर्विन संपवायचा, तो गेल्यापासून कपाट तुंबलंय. माझ्याच्यानं खाऊन होत नाही. आतलं कुणीतरी संपवल्याशिवाय मला खोके मिळत नाहीत.

फाइना पिशव्यांकडे बघत राहिल्या. त्यांचा हात टेबलावर होता आणि बोटं अगदी थोडी हलत होती, पियानोच्या पट्ट्या शोधल्यासारखी. हेनीला वाटलं, आता ह्या उठतील आणि दार उघडून धरतील.

“मिसेस ग्लायबर,” त्या म्हणाल्या, “तुमचा सोफा मी परत केला होता.”

“आठवतंय मला. मला लागलं होतं ते.”

“मला कुणाचं ठेवून घेता येत नाही. स्वभाव आहे.”

“मग ठेवून कशाला घेताय?” हेनी म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “खोके परत करा. मला तेच हवेत. आयर्विन म्हणायचा, लोक गरिबांसाठी पैसे देतात, मी गरिबांसाठी जेवतो. त्याची जागा चार वर्षं रिकामी आहे.”

फाइनांच्या ओठांच्या कडेला काहीतरी आलं आणि गेलं. त्यांनी पिशवीतून काशाचा खोका बाहेर काढला, कानाशी नेला आणि हलवला. दाणे वाजले. खोलीत तेवढाच आवाज होता. मग त्यांनी तो पुन्हा एकदा हलवला, या वेळी जरा हळू.

“फक्त एक गोष्ट आहे,” हेनी म्हणाली, आणि हे वाक्य बोलण्यासाठीच आपण आलो होतो हे तिला बोलताना कळलं. “ते खालून उघडावे लागतात.”

“माहीत आहे,” फाइना म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नाही, सरळ हेनीकडे बघितलं. “मी एकदा वरून उघडला होता.”

माफ करा म्हणावं तर कुणी कुणाला म्हणायचं ते हेनीला कळेना. मग ती आपोआप बोलायला लागली. पिट्सबर्गच्या मावशीबद्दल, फडताळाबद्दल, वरच्या फळीवरच्या मटारच्या डब्याबद्दल आणि तो किती हलका लागला त्याबद्दल. तेव्हापासूनच्या सदुसष्ट वर्षांत हे तिनं आयर्विनलासुद्धा सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता फाइना उठल्या, गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, खणातून पातळ पात्याची सुरी आणली आणि परत येऊन बसल्या. हेनीचं बोलणं संपलं तेव्हा पाण्याला आधण येत होतं. फाइनांनी खोका उलटा केला आणि सुरीचं पातं बुडाच्या झडपेखाली हळूच सरकवलं.